पिठ्या ढेकूण आणि खवले कीड : बागेचा इसार देण्यापूर्वी काय पाहावे?

फळांच्या व्यापारात आपले अनेक बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बागवान हे नावच मुळी धंद्यावरून पडलेले. आज मोठ्या शहरांच्या मार्केट यार्डात गाळे असलेले अडते आहेत, हातगाडीवर सीताफळ-पेरू विकणारे आहेत, आणि या दोघांच्या मध्ये सर्वांत जास्त जोखीम उचलणारा एक वर्ग आहे. हा वर्ग शेतकऱ्याकडून झाडावरची फळे उक्ती घेतो. बाग फुलोऱ्यात असताना किंवा फळ लिंबाएवढे झाले असताना जाऊन पाहायची, किती माल निघेल याचा अंदाज बांधायचा, इसार द्यायचा आणि त्यानंतर राखण, तोडणी, गाडीभाडे, विक्री सगळे आपल्या अंगावर. हा धंदा नजरेचा आहे. ज्याची नजर पक्की तो तरला.

या व्यवहारात पाऊस, गारपीट, वानरे आणि भाव पडणे हे धोके सर्वांना माहीत आहेत. ते पुढे येणारे धोके. पण एक धोका असा आहे की तो सौदा ठरतो त्या दिवशी झाडावर बसलेला असतो. तो अदृश्य नसतो. आपण फळांकडे पाहत असतो आणि तो खोडाच्या सालीत असतो, एवढेच. शेतकरी त्याला मिलीबग, पिठ्या ढेकूण किंवा नुसते ‘चिकटा पडला’ म्हणतात. त्याचीच भावकी म्हणजे खवले कीड. या आठवड्यात आम्ही या दोन्हींची सविस्तर माहिती देत आहोत.

नुकसान किती होते ते आधी आकड्यांत पाहू. समजा, सीताफळाची बाग १ लाख रुपयांना उक्ती घेतली आणि १०० क्रेट माल निघेल असा अंदाज आहे. तोडणी, हमाली, गाडीभाडे मिळून ३० हजार. क्रेटला १,६०० रुपये मिळाले तर १ लाख ६० हजार येतात आणि ३० हजार हाती राहतात. आता १०० पैकी ३० क्रेटमधल्या फळांच्या खाचांत पांढरे पीठ निघाले आणि ते निम्म्या भावात गेले असे धरा. विक्री होते १ लाख ३६ हजार. नफा उरतो ६ हजार. म्हणजे खराबी ३० टक्के मालात, पण नफ्यातले ८० टक्के गेले. बरे, फळ आतून गोडच असते. गर खराब होत नाही, खाणाऱ्याला अपायही नाही. फक्त गिऱ्हाईक हात लावत नाही. वरून साफ दिसणाऱ्या फळालाच भाव आहे.

ही कीड आहे तरी काय?

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासारखीच ही रस शोषणारी कीड. सुईसारखी सोंड झाडात खुपसून ती बसते. पिठ्या ढेकणाची मादी चपटी, लांबट गोल, फार तर ३ ते ५ मिलिमीटरची. अंगावर मेणाची पांढरी भुकटी, जणू पिठात लोळून आली आहे. कडेने बारीक पांढरे केस. तिला पंख नसतात. नर मात्र इवलासा आणि पंखांचा. तो फारसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि त्याचा उपद्रवही नाही. बहुतेक जातींत मादी कापसाच्या बोळ्यासारखी पिशवी करून तीत शेकड्यांनी अंडी घालते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पिल्ले बाहेर पडतात आणि साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. जूनमध्ये एका झाडावर दिसलेला ठिपका ऑक्टोबरात अख्ख्या वाफ्यात का पसरतो, हे यावरून लक्षात यावे.

खवले कीड आणखी फसवी. ती कीड वाटतच नाही. फांदीवर, पानाच्या शिरेवर किंवा फळावर माशाच्या खवल्यासारखे, कधी मसुराच्या डाळीसारखे तपकिरी, करडे वा पांढरे टिपके चिकटलेले दिसतात. सालीचाच भाग असावा असे वाटून माणूस पुढे जातो. यांत दोन प्रकार आहेत. एक मऊ खवला. त्याचे आवरण अंगाचाच भाग असते आणि तो चिकट गोड पाणी सोडतो. दुसरा कठीण कवचाचा. तो कवचाखाली वेगळा राहतो आणि चिकट पाणी सोडत नाही. हा फरक कामाचा आहे. कठीण कवचाच्या खवल्यामुळे झाड चिकट किंवा काळे पडत नाही, मुंग्याही लागत नाहीत. म्हणून फांद्या वाळू लागेपर्यंत त्याचा पत्ताच लागत नाही.

दोन्हींच्या आयुष्यात एकच काळ असा असतो की तेव्हा ती उघड्यावर असते. अंड्यातून निघालेले पिल्लू, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, पिवळसर किंवा गुलाबी, पाय असलेले. ते रांगत नवी जागा शोधते. वाऱ्याने उडते, मुंग्यांबरोबर, मजुराच्या कपड्यांबरोबर, कात्रीच्या पात्यावरून, आणि आपल्या क्रेटमधूनही एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते. एकदा बसले आणि अंगावर मेण चढले की पाणी त्यावरून ओघळते आणि औषधही ओघळते. महागडे औषध मारूनही कीड हटत नाही अशी तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकतो. औषध भेसळीचे असेल असे प्रत्येकाला वाटते, कधी असतेही. पण बहुतेक वेळा फवारणीची वेळ चुकलेली असते.

बाग पाहायला गेल्यावर

फळाकडे शेवटी पाहावे, आधी मुंग्यांकडे. मऊ खवला आणि पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात तो मुंग्यांचे खाणे आहे. त्या बदल्यात मुंग्या या किडीची राखण करतात, तिच्यावर येणाऱ्या मित्रकिडींना हुसकावतात. एखाद्या खोडावर मुंग्यांची अखंड रांग वर-खाली करताना दिसली, तर वर काहीतरी आहे असे समजून चालावे. मग पाने पाहावीत. पानावरून बोट फिरवले की चिकट लागते का? चिकट्यावर पुढे काळी बुरशी वाढते आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. ही बुरशी पानात शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली जाते. पण ती दिसली म्हणजे वरच्या फांदीवर कीड बसली आहे.

त्यानंतर खोडाकडे. सैल साल नखाने उचलून पाहावी. फांद्यांचे बेचके, पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो ती जागा, फळाचा देठ, दोन फळे एकमेकांना चिकटली असतील तर त्यांच्या मधली फट. सीताफळात डोळ्यांच्या खाचा, डाळिंबात फुलाच्या पाकळ्या जिथे राहतात तो तुरा, द्राक्षात घडाचा आतला दांडा, पेरूत देठाजवळचा खळगा. या किडीला उजेड आवडत नाही, अडचणीची जागा लागते. बागेच्या मधली झाडे पाहून भागत नाही. बांधाकडची, विहिरीजवळची आणि वस्तीजवळची झाडे आधी पाहावीत. बांधावर गाजर गवत, जास्वंद, भेंडी, अंबाडी असेल तर तीही पाहावीत, कारण ही कीड त्यांच्यावर मुक्काम करते आणि बागेत पुन्हा येते.

भुरी रोग आणि पिठ्या ढेकूण यांत गल्लत होते. भुरी ही बुरशी आहे, पानावर सपाट राखेसारखी पसरते आणि बोटाने पुसली की खाली काही राहत नाही. ढेकूण बोटाखाली चिरडतो. द्राक्ष व जास्वंदीवरचा गुलाबी ढेकूण चिरडला तर बोट लालसर होते. खवला जिवंत आहे की मेलेला, हे पाहण्यासाठी नखाने खरवडावे. ओला निघाला तर जिवंत, कोरडा पापुद्रा उडाला तर मेलेला. मेलेले खवले महिनोन्‌महिने फांदीला चिकटून राहतात, त्यामुळे नुसते टिपके पाहून बाग नाकारणेही बरोबर नाही. खवल्यावर सुईने टोचल्यासारखे गोल भोक दिसले तर उत्तमच. आतून परोपजीवी माशी बाहेर पडली आहे, म्हणजे झाडावर आपला चाकर आधीच कामाला लागला आहे.

कीड सापडली म्हणून सौदा मोडावा असे आम्ही म्हणत नाही. भाव त्याप्रमाणे बोलावा आणि फवारणी कोणाची, औषध कोणाचे, शेवटची फवारणी तोडणीच्या किती दिवस आधी, हे चार ओळींत कागदावर घ्यावे. तोंडी सौद्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि तिची इभ्रत आहे. पण उक्त्या बागेत सर्वांत जास्त भांडणे याच मुद्द्यावर होतात. शेतकरी म्हणतो फळे तुमची, बागवान म्हणतो झाड तुमचे, आणि या घोळात महत्त्वाचे पंधरा दिवस निघून जातात.

सीताफळ, द्राक्ष आणि आंबा

सीताफळ हे आपल्या व्यापाऱ्यांचे खास फळ. बालाघाटाच्या डोंगररांगांतल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुरंदर तालुक्यातला सासवडचा बाजार तर प्रसिद्धच आहे. या झाडावर पिठ्या ढेकणाच्या एकाहून अधिक जाती येतात. बरीच पिल्ले जमिनीतून आणि खोडाच्या तळातून वर चढतात. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाला खोडाभोवती १५ ते २० सेंटिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. ग्रीस सालीवर थेट लावू नये, साल खराब होते. पट्टीच्या खालची फट चिखलाने लिंपावी, नाहीतर पिल्ले आणि मुंग्या पट्टीच्या आतून वर जातात. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. एका फांदीने जमीन धरली तरी पट्टी फुकट.

फळ भरू लागल्यावर पावसाने ओढ दिली तर ही कीड झपाट्याने वाढते. जोराच्या सरी मात्र तिला धुऊन काढतात. यावरूनच एक साधा उपाय निघतो. पंपाच्या जोरदार पाण्याने घड व फांद्या धुणे. तोडलेल्या मालावर पीठ असेल तर मऊ ब्रशने किंवा दाबाच्या हवेने ते उडवता येते. कोरडेच करावे, फळ भिजवून भरले तर वाटेत काळे पडते.

द्राक्षात प्रश्न जास्त खर्चाचा आहे. नाशिक, सांगली, सोलापूर पट्ट्यात गुलाबी ढेकूण हा मोठा शत्रू. तो उन्हाळ्यात व पावसाळ्यात वेलीच्या सैल सालीखाली लपून बसतो आणि मण्यात पाणी उतरू लागले की घडात जातो. घडात गेल्यावर त्याला तेथून काढणे जवळपास अशक्य. असा घड खाण्यासाठी विकला जात नाही आणि बेदाण्यालाही चालत नाही, कारण चिकट्यावरची काजळी बेदाण्यासोबत वाळते. म्हणून छाटणीच्या वेळी खोड व ओलांड्यांवरची सैल साल काढून जाळणे, ही द्राक्षातली खरी लढाई. बाग पाहायला जाणाऱ्याने घडाआधी खोडाची साल सोललेली आहे का ते पाहावे. सोललेली असेल तर बागायतदार जागा आहे असे समजावे.

आंब्यातला मोठा ढेकूण हा मुख्यतः उत्तर भारतातला. लखनौजवळच्या मलिहाबादच्या आमराया सर्वांना ठाऊक आहेत. तिकडे मादी उन्हाळ्यात झाडावरून उतरून मातीत अंडी घालते, आणि डिसेंबर-जानेवारीत पिल्ले पुन्हा खोडावरून चढू लागतात. म्हणून थंडीच्या सुरुवातीला खोडाला जाड प्लॅस्टिकची पट्टी बांधण्याचा तिकडे रिवाज आहे, आणि झाडाखालची माती उन्हाळ्यात नांगरून अंडी उन्हात टाकतात. आपल्याकडे आंब्यावर इतर जातींचे ढेकूण आणि खवले येतात. पाने काळी पडणे ही त्यांची पहिली खूण.

पेरूच्या फळांना पिशव्या घालण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. फळमाशीसाठी ती चांगली. मात्र देठाजवळ ढेकूण असताना पिशवी घातली तर आपण त्याला घर बांधून दिले. पाऊस नाही, ऊन नाही, शत्रू नाही. आधी फवारणी, मग पिशवी. पानमळ्यांतही वेलीवर खवले येतात. आमच्या तांबोळी वाचकांनी गड्डी उलगडताना पानाच्या खालच्या बाजूच्या शिरा पाहाव्यात. पान कच्चे खाल्ले जाते, म्हणून पानमळ्यात विषारी औषधाऐवजी किडकी पाने तोडून जाळणे हाच मार्ग आम्हाला बरा वाटतो.

पपईची गोष्ट

कीड आणि तिचा शत्रू यांचे नाते कसे असते, हे पपईच्या उदाहरणावरून कळते. २००८ मध्ये तामिळनाडूत कोइमतूरला पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला. तो मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा. इथे त्याला कोणी शत्रू नव्हता. दोन वर्षांत पपईच्या बागा पांढऱ्या झाल्या, तुतीवर तो गेला आणि रेशीमवाल्यांनाही रडू आले. आपल्याकडे पुणे भागात तो २०१० मध्ये आढळला. औषधांवर पैसा गेला, कीड गेली नाही. तेव्हा बंगळूरच्या कृषी कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने पोर्टो रिकोहून तीन जातींच्या चिमुकल्या माश्या आणल्या. त्यांतील अॅसेरोफॅगस पपाये ही जात २०१० च्या अखेरीस सोडण्यात आली. ही माशी ढेकणाच्या अंगात अंडे घालते आणि तिचे पिल्लू त्याला आतून खाऊन टाकते. काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. ज्यांनी या काळात जहाल औषधे मारणे थांबवले त्यांना फायदा झाला. ज्यांनी थांबवले नाही त्यांनी कीड कमी मारली आणि माश्या जास्त.

ही युक्ती नवी नाही. कॅलिफोर्नियातला संत्र्या-लिंबांचा धंदा एकोणिसाव्या शतकात अशाच एका खवल्याने बुडत चालला होता. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियाला पाठवून तिथला लाल-काळा ढालकिडा आणला गेला आणि बागा वाचल्या. आपल्या देशात ऑस्ट्रेलियन ढालकिडा क्रिप्टोलिमस १८९८ मध्ये कॉफीच्या खवल्यांसाठी आणला होता. आज तो द्राक्ष व सीताफळ बागांत सोडण्यासाठी प्रयोगशाळांत वाढवला जातो. एकरी ६०० च्या आसपास भुंगेरे सोडण्याची शिफारस आहे.

येथे एक फसगत टाळायला हवी. क्रिप्टोलिमसची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. राखणदार तिला चिरडतात, शेतकरी ‘ढेकूण मोठे झाले’ म्हणून फवारा मारतात. ओळख सोपी आहे. ढेकूण ५ मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि सुस्त असतो. अळी त्याच्या दुपटीहून लांब होते, चपळ चालते आणि ढेकणांच्या घोळक्यात शिरून त्यांना खाताना दिसते. भुंगेरा काळपट, डोके व शेपटीकडचा भाग नारिंगी. हा पाहुणा बागेत दिसला तर त्याला राहू द्यावे आणि मुंग्यांचा बंदोबस्त करावा, एवढेच आपले काम.

औषधपाणी

घराची कुंडी, दुकानासमोरची जास्वंद, नर्सरीतली थोडी रोपे असतील तर औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून ढेकूण पुसून काढावेत. मेण विरघळते आणि कीड मरते. किंवा लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा पातळ साबण घालून पानांच्या खालून फवारावे. कोवळ्या पानांवर आधी एक-दोन पानांपुरते करून पाहावे, आणि उन्हात कधीच नाही. नर्सरीवाल्यांनी नवे रोप आणले की दोन-तीन आठवडे बाजूला ठेवावे. कुंडीची मातीही पाहावी, काही ढेकूण मुळांवर राहतात.

बागेसाठी ५ टक्के निंबोळी अर्क हा जुना आणि पोटाला न जाळणारा उपाय. ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून पाणी १०० लिटर करावे, थोडा साबण मिसळून त्याच दिवशी फवारावे. दुसरा उपाय व्हर्टिसिलियम लेकॅनी या बुरशीचा. ही बुरशी किडीला रोग लावते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासह अनेक ठिकाणी तिची पावडर मिळते. ती दमट हवेत संध्याकाळी फवारावी. कडक उन्हात मारून ‘गुण आला नाही’ म्हणणे बरोबर नाही. तिच्याबरोबर किंवा पाठोपाठ बुरशीनाशक मारले तर तीच मरते, हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

रासायनिक औषध शेवटी. बुप्रोफेझिन हे या किडीसाठी वापरले जाणारे औषध पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. म्हणून ते पिल्लांवर चालते, वाढलेल्या मादीवर फारसे नाही. अंड्यांच्या पिशवीत कोणतेच औषध नीट पोहोचत नाही. त्यामुळे दहा-पंधरा दिवसांनी दुसरा हात द्यावा लागतो. प्रमाण आणि तोडणीपूर्वी थांबायचे दिवस डब्याच्या लेबलवर असतात, ते पिकानुसार बदलतात. दुकानदाराच्या तोंडी सांगण्यापेक्षा लेबल प्रमाण मानावे. निर्यातीचा माल घेणाऱ्यांनी तर फवारणीची तारीखवार नोंद शेतकऱ्याकडून मागूनच घ्यावी.

ज्यांच्याकडे जुन्या शेतीपुस्तिका किंवा कात्रणे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. त्यांत या किडीवर मिथाईल पॅराथिऑनची भुकटी, कार्बारिल आणि डायक्लोरव्हॉस हमखास सुचवलेले असते. पहिली दोन केंद्र सरकारने २०१८ मध्ये बंद केली आणि डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरपासून बंद आहे. कोणी जुना साठा स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व मजूर मिळून वीसच्या आसपास माणसे दगावली. उक्त्या बागेत फवारणारा मजूर आपला असतो. त्याला हातमोजे, तोंडाला फडके नव्हे तर मास्क, आणि वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून न फवारण्याची ताकीद देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

याच खवल्यावर पोट भरणारे

कारागीर वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की ज्या लाखेच्या बांगड्या घडवल्या जातात आणि ज्या चपडा लाखेचे स्पिरिट पॉलिश सुतार टेबल-कपाटांवर चढवतात, ती लाख म्हणजे एका खवले किडीचे घर आहे. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बसून राळेसारखे आवरण तयार करतो. ते खरवडून, वितळवून लाख होते. झारखंड व छत्तीसगडातली कुटुंबे हा किडा झाडावर चढावा म्हणून बियाण्याच्या काड्या स्वतः बांधतात. रांचीजवळ नामकुम येथे त्यासाठी १९२४ पासून संशोधन संस्था आहे. हैदराबादच्या लाड बाजारातील लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खवले खाणारे पतंगाचे किडे बागवानाचे मित्र, पण त्याच कुळातला एक पतंग लाख उत्पादकाचा वैरी आहे. मराठीतला ‘किरमिजी’ हा शब्दही याच घराण्यातला. अरबी-फारसीतले किरमिझ हे लाल रंग देणाऱ्या खवले किड्याचे नाव. कापड रंगवणाऱ्यांनी तो शब्द जगभर नेला.

क्रेट आणि काश्मिरी सफरचंद

तोडणी संपल्यावरही थोडे काम उरते. किडके फळ बांधावर फेकू नये, खड्ड्यात पुरावे किंवा जाळावे. क्रेट साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळवावेत. दुसऱ्या बागेत तेच क्रेट जाणार असतात. गवत किंवा पेंढा अस्तर म्हणून वापरला असेल तर तो परत वापरू नये.

सफरचंदाच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी जाता जाता एक खूण. पेटी उघडल्यावर फळावर बारीक लाल कड्यांचे ठिपके आणि मध्ये करडा बिंदू दिसला तर तो रोग नाही, सॅन होझे खवला आहे. काश्मीरच्या बागांतला हा जुना शत्रू. तिकडचे बागायतदार हिवाळ्याच्या अखेरीस, कळी फुटण्यापूर्वी, झाडांवर खनिज तेलाचा फवारा देतात आणि खवला तेलाखाली गुदमरतो. ज्या बागेत हा फवारा चुकला तिथला माल सप्टेंबरात ठिपक्यांचा येतो. फळ खायला ठीक असते. मात्र असा माल वेगळा काढून वेगळ्या भावाने लावावा. चांगल्या पेटीत मिसळला तर पुढच्या लिलावात अख्ख्या वक्कलाचा भाव पडतो.